तिकडची अंबाडी

भाजी आंबट नव्हती.

पहिल्याच घासाला निलमच्या ते लक्षात आलं. अंबाडी म्हटली की आधी जिभेच्या कडा आकसतात, दात शिवशिवतात आणि मग चव कळते. इथं जीभ नुसती वाट पाहत राहिली. मागून आला तो हिरवट, राळेसारखा कडूपणा. लसणाची फोडणी झणझणीत होती, ज्वारीच्या कण्या मऊ शिजल्या होत्या, तेलही सढळ होतं. जे असायला पाहिजे तेवढंच नेमकं नव्हतं.

निलम हिंगोलीत हळद तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत कामाला होती. आलेल्या हळदीत ओलावा किती, कुरकुमिन किती, रंगासाठी कोणी काही मिसळलंय का, हे दिवसभर पाहायचं. रसायनशास्त्र शिकल्यापासून तिला एक खोड लागली होती. जे नेहमीसारखं नाही त्याचं कारण सापडेपर्यंत तिचं मन तिथून हलत नसे. सुटीला घरी आली तरी खोड काही हिंगोलीत राहत नव्हती. तिनं दुसरा घास सावकाश चावला. पान जून असेल? युरिया जास्त पडला असेल? पण युरियानं पानातलं आम्ल असं पुसून जात नाही.

"याडी, ही कसली अंबाडी गं?"

"तिकडची," चुलीपुढून रुख्मिणीबाई म्हणाली. तांड्यावर आईला याडीच म्हणतात. "तुझ्या दादानं बी आणलं ना, त्याची. चिंच टाकावी म्हटलं तं चिंच सरल्याली. म्हटलं असू दे, परदेशातली माणसं तरी कुठं आंबट खाऊन राहिली?"

निलमचा बाप प्रेमसिंग ताटावरून मान न उचलता हसला. "तिकडं समदं गोडच असतं. म्हणूनच हा वाळून परत आला."

भिंतीला टेकून जेवायला बसलेल्या दिपकचा हात भाकरीवरच थांबला होता. दिपक निलमचा थोरला भाऊ. इटलीत अडीच वर्षं शेतमजुरी करून मे महिन्यात परत आलेला. विमानात बसलेला तांड्यातला पहिला माणूस, म्हणून लोक अजूनही त्याला चहाला बोलवत आणि तिकडच्या गोष्टी विचारत. सांगताना तो हसायचा, पण परत का आला हे कोणालाच नीट सांगत नव्हता.

"कोणत्या बांधावरची भाजी ही?" त्यानं विचारलं.

"नाल्याकडच्या. आणखी कुठं लावली तू?"

"तोडायला कोणी सांगितलं तुला?"

रुख्मिणीबाई चुलीपासून वळली. तिचा चेहरा आधी नवलाचा झाला, मग दुखावल्यासारखा. "अंबाडी तोडायला बी आता तुला विचारायचं व्हय रे?"

तिचं बरोबर होतं. वावरातलं पीक मालकाचं, पण बांधावरची अंबाडी खुडणाऱ्या हाताची, असाच तिथला रिवाज होता. हळदीत खुरपायला आलेल्या बाया दिवस मावळता घरी निघाल्या की जाता जाता ओटी भरून शेंडे खुडून नेत. कोणी विचारत नसे, कोणी नाही म्हणत नसे. विचारलं असतं तर मालकालाच वाईट वाटलं असतं, आपल्याला एवढं कंजूष समजतात का म्हणून.

"मी पेरल्याली हाये ती," प्रेमसिंग गमतीनं म्हणाला. "पहिली मूठ माझ्या हातची. हक्क सांगायचाच तं मी सांगन. तू काहून सांगून राहिला?"

दिपक हसला नाही. "किती तोडली, याडी? कोणी कोणी नेली?"

"समद्यांनी. कालपासून तांड्यात तेच तं चालू हाये. परदेशी अंबाडी म्हटल्यावर जी ती आली, मलाबी दे, मलाबी दे. केशरबाई तं सकाळी जुड्या बांधून कळमनुरीच्या बाजाराला घेऊन गेली. तिला म्हटलं, चार पैसे जास्तीचे मागजो."

दिपकनं ताटातच हात धुतला आणि तो बाहेर पडला. भाकरी अर्धी राहिली होती. त्या घरात भाकरी टाकून उठायची पद्धत नव्हती. रुख्मिणीबाई रिकाम्या दाराकडं बघत राहिली. निलमनं उरलेली भाजी एका बाजूला सारली, भाकरी कोरडीच संपवली आणि ती त्याच्या मागं निघाली.

हळद गुडघ्यापर्यंत आली होती. पानं रुंद, तजेलदार, ओळीनं उभी. श्रावणातलं आभाळ खाली उतरलेलं होतं, पण पाऊस थांबला होता. नाल्याकडच्या बांधावर दिपक उकिडवा बसलेला दिसला. त्याच्या एका बाजूला खरी अंबाडी होती, कमरेएवढी, तांबूस देठांची. दुसऱ्या बाजूला ही तिकडची. तीही हाताच्या पंज्यासारख्या पानांची, लांबून पाहिलं तर तिचीच चुलत बहीण वाटावी अशी. पण ठेंगणी. आणि बांधाला बांधलेल्या कालवडीनं आजूबाजूचं गवत मुळापर्यंत खाल्लं होतं, शेजारच्या अंबाडीचीही तीन-चार पानं ओढली होती, या रोपांना मात्र तोंड लावलं नव्हतं.

निलमनं एक पान चुरगळून नाकाशी धरलं. वास बोटांना चिकटला.

"दादा, ही अंबाडी नाही."

"नाही."

"गांजा आहे?"

"गांजा म्हणू नको," तो पटकन म्हणाला. "झाड भांगेच्याच जातीचं आहे, पण नशेचं नाही. ह्यात सीबीडी असतं. नशा करणारं टीएचसी नावापुरतं. युरोपच्या यादीतली जात आहे, बियाण्याच्या पिशवीवर शिक्का होता."

सीबीडी काय असतं ते निलमला पुस्तकातून माहीत होतं. एकाच झाडातले दोन रेणू, अणू तितकेच, मांडणी थोडी वेगळी. एकानं डोकं फिरतं, दुसऱ्यानं फिरत नाही. परीक्षेला आलं होतं.

"सगळं सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

दिपकनं सांगितलं. पो नावाच्या नदीच्या खोऱ्यात एका मालकाकडं तो कामाला होता. हे पीक तिथं उघड्या रानात, रस्त्याच्या कडेला उभं असे. फुलं कापायची, वाळवायची, कात्रीनं साफ करायची आणि काचेच्या बरण्यांत भरायची. तंबाखूच्या दुकानातसुद्धा ती मिळत. त्यांचं तेल काढून बाटल्या भरत. म्हाताऱ्या बाया गुडघ्याला आणि झोपेला म्हणून घेऊन जात, पावती मागून घेत. पिकात टीएचसी किती चालतं त्याचा तिथं आकडा ठरलेला होता. शून्य पूर्णांक दोन टक्के. थोडं वर गेलं तरी एका मर्यादेपर्यंत शेतकऱ्याला दोष नव्हता. पोलिस रस्त्यानं जाताना मालकाला हात करत.

"मग एप्रिलात सरकारनं वटहुकूम काढला," दिपक म्हणाला. "टक्का कितीही असो, फूल बंद. फुलाची भुकटी बंद, फुलाचं तेल बंद. सकाळी आम्ही खोके भरत होतो. दुपारी मालक आला आणि म्हणाला, कशाला हात लावू नका, हातमोजे काढा, बाहेर उभे राहा. निलम, ज्या कामाचा कालपर्यंत पगार मिळत होता त्याच्यासाठी आज तुरुंग होता. फूल तेच. मीही तोच."

"कोर्टात कोणी गेलं नाही?"

"गेलेत की. अजून भांडून राहिलेत. पण मालक म्हातारा, त्यानं वाट पाहिली नाही. आम्हाला घरी पाठवलं. बियांवर बंदी नव्हती. थोडं बी मी आणलं."

"आणि बाला सांगितलं तिकडची अंबाडी आहे."

"खोटं काय त्यात? ह्याचाही वाख निघतो. दोर वळतात." तो स्वतःलाच समजावल्यासारखं बोलत होता. "हे बघ, मी वाचलंय. आपल्या कायद्यात गांजा म्हणजे फुलाचे शेंडे. नुसतं पान आणि बी त्यात धरत नाहीत. पानापासून औषधं करणाऱ्या कंपन्या आपल्या देशात आहेत, लायसन घेऊन करतात. फूल यायच्या आत कापायचं, पान वाळवायचं, असं कोणाला तरी गाठायचं. मला दुसरं काय येतं, निलम? अडीच वर्षं हेच केलं. फूल भादव्यात येतं. तोवर कुणाचं लक्ष जाणार नाही म्हणून अंबाडीत लावलं."

निलम त्याच्याकडं बघत राहिली. सगळ्या शिवारात जिथं प्रत्येक बाईचा हात पोचतो, नेमकी तीच जागा त्यानं लपवायला निवडली होती. बांधावरची भाजी कोण खुडतं, कधी खुडतं, हे घरातल्या पुरुषांना कधी माहीतच नव्हतं. पानात पडल्यावरच त्यांना ती दिसायची.

"भादव्यात कुठं येतं फूल?" तिनं विचारलं.

"तिकडं. ऑगस्ट संपता संपता."

ती खाली वाकली आणि एका देठाची पानं तिनं बोटांनी बाजूला केली. पेराच्या बेचक्यात पांढरे, केसासारखे दोन तंतू होते. वरच्या पेरात आणखी दोन. पुढच्या रोपालाही तेच.

"हे काय आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे," ती म्हणाली.

त्यानं ते तंतू हजारदा पाहिले असणार.

"दिवस लहान झाला की हे झाड फुलावर येतं," निलम म्हणाली. आपला आवाज प्रयोगशाळेतल्यासारखा सपाट निघतोय हे तिचं तिलाच कळत होतं. "तिकडं उन्हाळ्यात दिवस साडेपंधरा तासांचा असतो. आपल्याकडं सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. ह्याला उगवल्यापासूनच वाटून राहिलं की हंगाम संपत आला. म्हणून वाढलं नाही. म्हणून ठेंगणं राहिलं, आणि लगेच फुललं."

"पण बायांनी पानंच..."

"बघ तरी."

तिनं हातानं दाखवलं. सगळ्या बांधावरच्या रोपांची डोकी नखानं खुडलेली होती. अंबाडीची भाजी कोणी खालच्या जून पानांची करत नाही. कोवळा शेंडाच खुडतात, तोही तीन-चार पानांसकट. बायांनी वर्षानुवर्षं केलं तेच केलं होतं. त्यांनी पानं नेली नव्हती, शेंडे नेले होते. आणि जिथं जिथं खुडलं होतं तिथं प्रत्येक देठाला आता दोन-दोन नवे शेंडे फुटणार होते.

"आणि फुलाचंही सोड," निलम म्हणाली. "कायदा मीही वाचलाय, प्रयोगशाळेत रसायनं ठेवायची तर आम्हाला असले कायदे चाळावे लागतात. हे झाड लावणंच गुन्हा आहे. तिकडं टक्का बघतात, दादा. इथं झाड बघतात. सातबारा कोणाच्या नावावर आहे?"

दिपकनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "बाच्या."

नाल्यावरून वारा आला आणि तो वास दोघांच्या अंगावरून हळदीत शिरला. खाण्यानं फार काही होणार नाही, असं निलमला वाटत होतं. तिकडचा आकडा खरा असेल तर फार तर झोप येईल. पण मातीही वेगळी आणि ऊनही वेगळं, तिकडचा आकडा इथं खरा राहतो का, हे ती सांगू शकत नव्हती. तिच्या प्रयोगशाळेत हे तपासता आलं नसतं, आणि आलं असतं तरी तिथं न्यायचं कसं?

"तू हे सगळं उपट," ती म्हणाली. "आत्ता. एकही ठेवू नको. मी बाजारात जाते, केशरकाकीला गाठते."

"बाला सांगायचं?"

निलमनं विचार केला. प्रेमसिंगला खोटं बोलता येत नसे. पत्त्यात एक्का आला तरी त्याचे कान हलत, असं सगळा तांडा म्हणायचा. "नको," ती म्हणाली. "त्याच्या तोंडावर सगळं दिसतं. माहीत नसलेलंच बरं."

दिपकनं मान हलवली. पुढं कितीतरी दिवस निलम त्या एका वाक्यापाशी परत परत येणार होती.

कळमनुरीचा बाजार पांगायला लागला होता. केशरबाई भाजीच्या ओळीच्या शेवटी पोतं अंथरून बसली होती. पुढं थोड्या गवारीच्या शेंगा आणि एक मरगळलेली जुडी. निलमला बघून तिचे डोळे बारीक झाले.

"अगं, तू काहून आली एवढ्या चिखलातून? तुझ्या मायला भरोसा न्हाई व्हय माझा?"

"तसं नाही काकी. अंबाडी राहिली का?"

"राहती व्हय! ही एवढी हाये. समदी गेली बघ. इटलीची अंबाडी, इटलीची अंबाडी, असं वरडले, लोक हसले आन् घेऊन गेले. एक जण म्हटला, ही खाऊन गोरा व्हईन का? म्या म्हटलं, तू काय धुऊन बी गोरा व्हत न्हाईस."

शेजारची मिरच्यावाली खदखदून हसली. निलमला हसू आलं नाही. "कोणी कोणी घेतली, काकी? कोणी काही विचारलं का?"

"विचारायचं काय भाजीचं? हां, एक साहेब आला व्हता. निळं शर्ट, पायात बुटं. जुडी उचलली आन् हुंगतच बसला. म्या म्हटलं, साहेब, भाजी हाये, अत्तर न्हाई. चांगला माणूस, हसला. फोटो बी काढला माझा, जुडीसंगट. कुठली म्हणून विचारलं, म्या बराबर सांगितलं. तांडा सांगितला, प्रेमसिंगभाऊचं नाव सांगितलं, नाल्याकडचा बांध सांगितला. म्हटलं, पाहिजे तं या तिकडंच, अंबाडीला कोण न्हाई म्हणतंय!"

निलम पोत्याजवळ उकिडवी बसली. "त्यानं भाजी नेली?"

"दोन जुड्या. फुकट न्हाई, पैसे देऊन. अन् काय सांगू, सोनं असल्यावाणी नेली. एक जुडी एका कागदात, दुसरी दुसऱ्या कागदात. वर पेनानं काही लिवलं बी. म्या म्हटलं, साहेब, दोन बायका हायेत का?"

मिरच्यावाली पुन्हा हसली. निलमला मात्र तिच्या प्रयोगशाळेतलं टेबल दिसत होतं. हळदीचा नमुना आला की त्याचे दोन भाग करायचे, दोन वेगळ्या पाकिटांत बंद करायचे, वर तारीख टाकायची. एक तपासायला. दुसरा, पुढं कोणी भांडलं तर दाखवायला.

तिनं ती शेवटची जुडी उचलली. पैसे पुढं केले तर केशरबाईनं तिचा हात ढकलला. "अंबाडीचे पैसे घेऊ व्हय तुझ्याकडून? तुमच्याच तं बांधाची."

जुडी स्कूटीच्या डिकीत टाकून ती निघाली. येताना हा रस्ता तिला रोजचा वाटला होता. आता तीच वळणं होती आणि प्रत्येक वळणाआधी तिचा हात ब्रेकवर जात होता. टाकून द्यावी म्हणून ती दोनदा थांबली. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वावरं होती, आणि प्रत्येक वावराला मालक होता. इथं टाकली तर शेषराव मामाच्या सोयाबीनमध्ये, तिथं टाकली तर दुसऱ्या कोणाच्या तुरीत. उद्या कोणी उचलली तर काय म्हणणार? ती जुडी तिनं तशीच घरी आणली. तांड्याच्या फाट्यावर एक पांढरी जीप उभी होती. आत दोन माणसं पाणी पीत होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, किंवा तिला तसं वाटलं.

दिवस मावळायला आला होता. बांध उघडा पडला होता, माती उकरलेली, रोपांच्या जागी छोटे छोटे खड्डे. खरी अंबाडी एकटीच उभी होती. दिपक काठावर हात लोंबते सोडून उभा होता आणि खाली नाल्याच्या डोहात प्रेमसिंग कमरेएवढ्या पाण्यात होता.

"आली का गं?" तो खालून ओरडला. "ह्या तुझ्या भावाला काही अक्कल हाये का? उभी अंबाडी उपटली! कीड लागली म्हणतो. अन् वर पेटवून देऊन राहिला व्हता, वलं जळते व्हय कुठं? म्या म्हटलं उपटली तं उपटली, वाख तं वाया घालू नको."

त्यानं रोपांच्या पेंढ्या बांधल्या होत्या. नीट, बुडाला बूड लावून, जशा त्याच्या बापानं बांधल्या असत्या. त्या पाण्यात ओळीनं बुडवून तो वरून दगड ठेवत होता. अंबाडी अशीच भिजत घालतात. दहा-पंधरा दिवसांत साल कुजून सुटते, मग सोलून वाख काढायचा.

निलमनं दिपककडं पाहिलं. "त्याला का थांबवलं नाहीस?"

"काय म्हणून थांबवू?" दिपक पुटपुटला. "सांगायचं नाही असं ठरलं होतं ना."

वरती ओरबाडून टाकलेला पाला गोळा करून दोघांनी खड्ड्यात पुरला. जुडीही पुरली. निलमनं माती पायानं दाबली. हात तीन वेळा साबणानं धुतले तरी वास जात नव्हता. डोहातून प्रेमसिंग ओला होऊन वर आला आणि समाधानानं म्हणाला, "आता कुठं जात न्हाई. दगड मोठे ठेवले हायेत." रात्री पेंढ्या बाहेर काढल्या असत्या तर सकाळी त्याला कारण सांगावं लागलं असतं.

जेवताना तो म्हणाला, दुपारी भाजी खाल्ली आणि लई दिवसांनी अशी झोप लागली. निलमनं तोंड उघडलं होतं. सगळं सांगून टाकावं, निदान उद्या कोणी विचारलं तर गप्प बस एवढं तरी सांगावं. पण दिपकनं मान खाली घातली, आईनं आणखी एक भाकरी वाढली, आणि ती वेळ निघून गेली.

तो साहेब सकाळी आला, मोटारसायकलवर, एकटाच. निळा शर्ट नव्हता, पण पायांत बूट होते. दूर फाट्यावर कालचीच पांढरी जीप होती. परकी गाडी आली म्हणून तांड्यातल्या बाया दारांत आल्या. केशरबाईनं त्याला ओळखलं आणि हात करून ओरडली, "आले का साहेब! सांगितलं व्हतं ना म्या!"

प्रेमसिंगनं घाईघाईनं बाज अंगणात ओढली, वर गोधडी टाकली. "बसा साहेब. रुख्मिणे, चहा टाक."

"प्रेमसिंग तुम्हीच का?"

"व्हय."

"काल बाजारात तुमच्या शेतातली भाजी घेतली."

"खाल्ली का? कशी लागली?"

"खायची राहिली," तो माणूस म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. "झाडं बघावी म्हटलं आधी."

"अर्रर. कालच उपटली की पोरानं. पण वाया न्हाई गेली, डोहात भिजत घातली हाये. चला, दाखवतो."

"बा," निलम पुढं आली. "तू जरा आत ये."

"थांब गं. पाहुण्याला सोडून आत येऊ व्हय?"

माणसानं निलमकडं पाहिलं, मग दारात उभ्या राहिलेल्या दिपककडं, मग परत प्रेमसिंगकडं. "शेत तुमच्याच नावावर आहे?"

"माझ्याच."

"आणि ही अंबाडी पेरली कोणी?"

उत्तर काय येणार हे निलमला कळलं. आणि ते खरं असणार हेही त्याच क्षणी कळलं. तेव्हा ती हिंगोलीत होती, तरी जूनमधली ती सकाळ तिला दिसली. दिपकनं बी ओंजळीत घेतलं होतं आणि बानं ते त्याच्या हातातून काढून घेतलं होतं. बाप असताना पोरानं पहिली मूठ धरायची नाही, ही त्या घरातली रीत. दिपकला नाही म्हणता आलं नव्हतं. नाल्याकडच्या बांधावर एकेक बी प्रेमसिंगच्या बोटांतून पडलं होतं, आणि दिपक मागं मागं पायानं माती लोटत चालला होता.

"म्या," प्रेमसिंग म्हणाला आणि त्यानं उजवा तळहात पुढं केला, जणू त्यावर अजून बी असावं. "ह्या हातानं. आमच्यात बाप हाये तवर पोरगं मूठ धरत न्हाई."

"बी माझं होतं." दिपकचा आवाज फाटला होता. तो दारातून अंगणात आला. "मी आणलं. बाला काहीच माहीत नाही. त्याला मी अंबाडी म्हणून सांगितलं."

"कुठून आणलं?"

"इटलीहून."

"विमानातून?"

दिपकनं मान हलवली.

"साहेब," निलम म्हणाली. "ती नशेची जात नाही. त्यात टीएचसी..."

"ताई, ते लॅब सांगेल," माणूस तितक्याच मऊपणानं म्हणाला. "मी झाड बघायला आलोय." मग तो दिपककडं वळला. "म्हणजे आणणारा तू आणि पेरणारे हे. दोघांनाही यावं लागेल."

"कुठं?" प्रेमसिंगनं विचारलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. पुढं केलेला हात तसाच होता. "दिपक्या, कुठं यायचं म्हणून राहिले हे?"

फाट्यावरची जीप सुरू झाल्याचा आवाज आला. ती हळूहळू तांड्याच्या वाटेला लागली.

माणसानं खिशातून पेन काढलं. "आणखी कोणाकोणाकडं गेली ही भाजी?"

रुख्मिणीबाई चहाचा कप घेऊन बाहेर येत होती. निलमनं तिच्याकडं पाहून मान हलवली, नको, नको, म्हणून. पण रुख्मिणीबाईचं लक्ष कप हिंदकळू नये याकडं होतं. आपल्या घराला कोणी कंजूष म्हणेल ही एकच भीती तिला आयुष्यभर ठाऊक होती. कप पाहुण्याच्या हातात देत, पदर सावरत, ती अभिमानानं म्हणाली,

"समद्या तांड्यानं खाल्ली, साहेब. कोणालाच न्हाई म्हटलं न्हाई."

त्यानं कप घेतला, पण ओठाला लावला नाही. मान वर करून तो तांड्यातली घरं बघू लागला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दारादारांत बाया उभ्या होत्या, आणि त्यांतल्या काही जणी त्याच्याकडं बघून हसत होत्या.